जुने सिमेंटचे पत्रे काढून बोर्ड लावायचाय, घरात दम्याचं मूल आहे. कुठला बोर्ड घ्यावा?

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. साखळीपासून जवळच आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. पुढच्या भागावर अजून मंगळुरी कौलं आहेत. मागची पडवी आणि स्वयंपाकघर मात्र सिमेंटच्या नागमोडी पत्र्यांखाली. हे पत्रे सासऱ्यांनी ऐंशीच्या दशकात घातले. वानरं कौलं फोडायची आणि दर पावसाआधी घर शाकारायचा त्यांना वीट आला होता, म्हणून. आता पत्रे काळे पडलेत, दोन ठिकाणी तडे गेलेत, आणि कडेला बोट लावलं तर भुगा हाताला येतो.

पाऊस लागायच्या आत पत्रे उतरवून वर रंगीत लोखंडी पत्रा घालायचा, आणि आतलं काम चवथीआधी संपवायचं असं ठरलंय. पडवीचा अर्धा भाग बोर्डाने बंद करून मुलाला खोली करायची आहे. त्याला दमा आहे, पंप घ्यावा लागतो, म्हणून मी जरा जास्तच विचार करतेय.

कंत्राटदाराने तीन पर्याय दिलेत: जिप्सम, सिमेंट बोर्ड, आणि एक नवा पांढरा बोर्ड, ज्याला तो ‘मॅग्नेशियम’ म्हणतो. त्याचं म्हणणं, या तिसऱ्याला आग लागत नाही, पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि सिमेंट बोर्डापेक्षा स्वस्त पडतो. इकडे दिरांनी एक व्हिडिओ पाठवलाय की असल्या सगळ्याच बोर्डांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. खरं काय?

आणखी एक. जुने पत्रे तो हातोड्याने फोडून मागच्या दारी पाण्याच्या टाकीजवळ खड्डा आहे त्यात भरावाला घालणार म्हणाला. ‘फुकटचा भराव होतो वहिनी,’ असं. मला ते काही पटेना, पण का पटत नाही ते सांगता येईना.

नारळपाणी

जिप्सम घेऊ नका एवढं सांगतो. म्हापशात आमच्या फ्लॅटला बाथरूमलगतच्या भिंतीवर लावला होता, दुसऱ्या पावसाळ्यात खालून वीतभर काळी बुरशी. वर वॉलपेपर होता म्हणून वास आला तेव्हाच कळलं. बाकीच्या दोन्हींचं मला ठाऊक नाही.

लेव्हलट्यूब

ताई, मी फोंड्याला असतो, साइट सुपरवायझर. इंजिनियर नव्हे आणि डॉक्टर तर नव्हेच. पण पार्टिशन, सीलिंग, क्लॅडिंग हीच रोजची भाकरी आहे, तेव्हा जे रोज बघतो तेवढं लिहितो.

बोर्डाचं नंतर बोलू. आधी तो हातोडा थांबवा.

ऐंशीच्या दशकातला नागमोडी सिमेंट पत्रा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचाच, असं धरून चाला. नुसतं बघून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. पण त्या काळी आपल्याकडे दुसरा सिमेंट पत्रा जवळजवळ मिळतच नव्हता. कुठे शिक्का शिल्लक असेल आणि त्यावर आयएस (भारतीय मानक) ४५९ दिसलं तर प्रश्नच मिटला, तो अ‍ॅस्बेस्टॉस पत्र्याचाच नंबर. आणि हे जुनं प्रकरण आहे असंही समजू नका. युरोपीय संघाने २००५ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २००३ अखेर अ‍ॅस्बेस्टॉस पूर्ण बंद केला, आपल्याकडे खाणी बंद झाल्या, पण पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, रशिया-कझाकस्तानकडून जहाजाने येतो आणि त्याचे पत्रे आजही कायदेशीर विकले जातात.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे खनिजाचा तंतू. पत्र्यात तो साधारण आठ-दहा टक्के, बाकी सिमेंट. पत्रा धड असेपर्यंत सिमेंट तंतूला धरून ठेवतं. तुमच्या पत्र्याची कड हाताला भुगा देते म्हणजे ती पकड सुटलीय. वर हातोडा मारला की जे उडतं ते डोळ्याला दिसणाऱ्या धुळीपेक्षा कितीतरी बारीक असतं, तासन् तास हवेत राहतं आणि फुफ्फुसात गेलं की तिथेच. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, सगळ्या प्रकारचा अ‍ॅस्बेस्टॉस पहिल्या गटात घातलाय, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध. रोग वर यायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. म्हणूनच ‘आमच्या कामगाराला काही झालं नाही’ हे कंत्राटदाराचं बोलणं ऐकायला बरं, कामाचं नाही. तो कामगार आज कुठे आहे हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं? रायचूरचा किंवा झारखंडचा पोरगा, दोन सीझन काम करून गावी गेला.

खड्ड्यात भराव तर अजिबात नको. पाच वर्षांनी टाकीची पाइप बदलायला कोणीतरी तिथेच पिकाव मारणार.

काढायचं कसं: आदल्या संध्याकाळपासून पत्रे ओले करा. साध्या नळीने, हलक्या फवाऱ्याने, पाण्यात भांडी धुवायचा साबण थोडा. प्रेशर वॉशर नको, त्याने वरचा थर सोलून निघतो. (दर मे महिन्यात लोक तारेच्या ब्रशने पत्र्यावरचं शेवाळ खरवडतात, तेही याच कारणाने बंद करायला हवं.) जे-हुकचे नट खोलत बसू नका, गंजलेले असणार. बोल्ट कटरने हुक तोडायचे आणि पत्रा अख्खा उचलून हातोहात खाली द्यायचा. टाकायचा नाही, दुसऱ्या पत्र्यावरून घासत ओढायचा नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरून त्यावर रचायचे, गुंडाळून टेपने बंद करायचे. तुटके तुकडे वेगळे, दुहेरी पिशवीत.

स्वयंपाकघर त्याआधी रिकामं. तांदळाचा डबा, पाण्याची भांडी, सगळं पुढच्या भागात आणि मधलं दार बंद. मूल त्या दिवसांत आजोळी. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकंही त्याच पिशवीत टाका. घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही, बारीक धूळ मागून बाहेर येते. कामगारांचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, त्यांच्या बायकांनाही सांगायला हवं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे धुऊन धुऊन बायकांना हा रोग झाल्याची उदाहरणं जगभर आहेत.

आणि मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती वेगळीच. जुन्या सिमेंट पत्र्यावर माणसाने पाय ठेवायचा नसतो. रोगाला तीस वर्षं लागतात, पत्र्यातून खाली यायला क्षण पुरतो. पावसाआधी अशा बातम्या दर वर्षी असतात. वर जाणारा फळी टाकून, वाशांच्या रेषेत, पट्टा बांधून जाईल हे बघा. जमलं तर खालून पालख (परांची) घालून काम करायला लावा, वर चढायचं कामच नको.

आता बोर्ड. नव्या बोर्डांत सगळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो हा व्हिडिओ खोटा. जिप्सममध्ये नसतो. सपाट सिमेंट बोर्ड हल्ली बहुतेक लाकडाच्या लगद्याचे, सेल्युलोजचे तंतू घालून करतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हे, म्हणून बिलावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ असं लिहून घ्या आणि बोर्डाच्या पाठीवर आयएस १४८६२ आहे का बघा. पर्थमध्ये नव्या बाल रुग्णालयाच्या छतासाठी आयात केलेल्या पॅनेलमध्ये २०१६ साली क्रायसोटाइल सापडला होता, आणि तो देश बंदी घालून बसला होता.

तुमच्या पडवीसाठी मी सिमेंट बोर्ड घेईन. नारळपाणी म्हणतात ते खरं, जिप्समच्या दोन्ही अंगांना कागद असतो आणि ओल मिळाली की बुरशीला तो कागद आवडतो. हिरवा ओलरोधक जिप्सम बरा, पण तोही वाफेपुरता. चिऱ्याच्या भिंतीला पावसात जी ओल फुटते ती त्याच्या अवाक्याबाहेर. दम्याच्या मुलाला बोर्डाचा त्रास होत नाही, त्या बुरशीचा होतो. कोरड्या जागी मात्र जिप्समसारखा बोर्ड नाही. त्याच्या वजनाचा पाचवा भाग स्फटिकात बांधलेलं पाणी असतं, आग लागली की ते वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ मागची बाजू तापत नाही. म्हणजे पुढच्या हॉलला सीलिंग करायचं झालं तर जिप्सम खुशाल करा.

मॅग्नेशियम बोर्डाबद्दल जेवून लिहितो, ते जरा लांब आहे.

अंत्रुजकर

सुपरवायझरबाब, लोकांना एवढं घाबरवू नये. माझं वय ७१. लग्न झालं तेव्हापासून आमच्या गोठ्यावर, मग न्हाणीघरावर हेच पत्रे आहेत. त्यांच्या पन्हळीचं पाणी तुळशीला जातं. आम्हा खाणपट्ट्यातल्या माणसांनी तर ट्रकांची लाल धूळ भाताबरोबर खाल्ली, २०१२ ला खाणी थांबेपर्यंत दारं-खिडक्या लावून जेवायचो. कोणाला काही झालं असेल तर बिडीने झालं.

माझ्या मते त्या सूनबाईंनी पत्रे तसेच ठेवावेत आणि वरून नवा पत्रा मारावा. पैसेही वाचतील.

लेव्हलट्यूब

काका, अर्धं बरोबर बोललात, तेही महत्त्वाचं अर्धं. धड पत्रा, हात न लावता, न भोकसता, डोक्यावर असेल तर घरातल्या माणसाला धोका फार कमी. तुमच्या गोठ्यावरचे तसे असतील तर राहू द्या, फक्त खरवडू नका आणि पन्हळीतला गाळ काढताना ओला करून काढा. त्या गाळात झिजलेले तंतू उतरतात.

पण ताईंचे पत्रे तडकलेत आणि कडा सुटल्यात. वर नवा पत्रा मारायचा म्हणजे त्याच पत्र्याला शंभर ठिकाणी ड्रिल मारायचं. आणि जुन्या वाशांवर दोन छपरांचं वजन, त्यात वरून वानरं.

बिडीचं म्हणाल तर ती आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कैक पटींनी वाढतो. तेव्हा बिडीला दोष देऊन पत्रा सुटत नाही.

आता तो पांढरा बोर्ड. दिसायला झकास, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना काचतंतूची जाळी, वजनाला हलका. मॅग्नेशियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण कालवून तो जमतो. हे सिमेंट नवं नाही, सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८६७ साली काढलेलं. आगीला उत्तम, वाळवी खरंच लागत नाही, कंत्राटदार तिथे खोटं बोलत नाही.

गोची त्या क्लोराइडची. ते मीठच आहे, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते गोव्यात कोणाला सांगायला नको. डेन्मार्कमध्ये २०१० च्या आसपास हा बोर्ड इमारतींच्या बाहेरच्या अंगाला भरपूर वापरला. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांवर गेली की बोर्डाने पाणी ओढून घ्यायचं आणि खारट थेंब गाळायचे. स्क्रू गंजले, शेजारचं लाकूड ओलं होऊन त्याला बुरशी आली, २०१५ पर्यंत बोंब होऊन पुष्कळ इमारतींवरचे बोर्ड उतरवावे लागले. ही थंड देशाची गोष्ट. आपल्याकडे जुलैत आर्द्रता नव्वदच्या आसपास ठाण मांडून बसते.

मार्दोळच्या बाजूला एका साइटवर मालकाने हट्टाने हे बोर्ड आणले होते. उरलेला एक तुकडा मी स्टोअरच्या खिडकीत ठेवला, त्यात दोन स्क्रू मारून. पाऊस बाहेर, तुकडा आत, एक शिंतोडाही नाही. आषाढ संपता संपता स्क्रूच्या माथ्याशी एक तपकिरी थेंब लटकायला लागला. पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. पंखा लावून वाळेना, कारण तो साधा दव नव्हता, बोटाला चिकट लागायचा. जस्ताचा मुलामा दिलेल्या चॅनेलचा, म्हणजे बोर्ड ज्यावर बसतो त्या पत्र्याच्या पट्टीचा, तुकडा खाली टेकवून ठेवला होता, त्यावर आधी पांढरी पूड आली आणि मग तांबडे डाग. सीलिंगला बोर्ड धरून ठेवतो तो स्क्रू आणि तो चॅनेल. तेच खाल्ले गेले तर बोर्ड डोक्यावर यायला किती वेळ?

सगळे तसे नसतात हेही खरं. क्लोराइडऐवजी मॅग्नेशियम सल्फेट वापरून केलेले बोर्ड मिळतात, त्यांना ही खोड फार कमी. पण दुकानदाराला ‘क्लोराइड की सल्फेट?’ विचारलं तर तो ‘इम्पोर्टेड’ असं उत्तर देतो. टेस्ट रिपोर्ट दाखवत असेल तर घ्या, नाहीतर स्वस्त म्हणून घेऊ नका.

बी_शिफ्ट

वेर्ण्याला एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. लेव्हलट्यूबने पत्र्याचं नीट सांगितलंय. पण सिमेंट बोर्डावरून फार लवकर पुढे गेले असं वाटलं. ‘अ‍ॅस्बेस्टॉस नाही’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात आणि मग कटर सुरू होतो.

फायबर सिमेंट बोर्डात वाळूची बारीक पूड असते, म्हणजे स्फटिकी सिलिका, आणि काही बोर्डांत तिचं प्रमाण बरंच मोठं असतं. कॅल्शियम सिलिकेट बोर्डातही ती उरलेली असू शकते. मार्बल कटर लावला की ती पूड श्वासात जाते. तिने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग होतो, तो बरा होत नाही, आणि सिलिकाही आयएआरसीच्या पहिल्याच गटात आहे. अमेरिकेत २०१६ च्या नियमानुसार कामाच्या आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. बंद पडवीत कोरडा कटर चालवला तर ती किती वेळात ओलांडली जाते हे मोजायला यंत्र लागत नाही, समोरचा माणूस दिसेनासा होतो त्यावरूनच कळतं. ऑस्ट्रेलियाने तर किचन ओट्याचा कृत्रिम दगडच १ जुलै २०२४ पासून बंद केला, कारण तो कापणारी तरुण पोरं सिलिकोसिसने आजारी पडत होती.

घरच्यांनी भ्यायचं कारण नाही. भिंतीवर लागलेल्या बोर्डातून काही उडत नाही. प्रश्न कापणाऱ्याचा आहे, आणि काम चालू असताना त्याच घरात झोपणाऱ्या मुलाचा.

उपाय महाग नाहीत. पातळ बोर्ड कापायला कटर लागतच नाही. कार्बाइडच्या टोकाच्या सुरीने पट्टी धरून दोन-तीनदा ओढायचं आणि फळीच्या कडेवर मोडायचा, धूळ चिमूटभर. जाड असेल तर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, आणि कटरला व्हॅक्यूम जोडून. अमेरिकेच्या नियमात धूळ ओढणारा कटर उघड्यावर वापरला तर मास्कचीही सक्ती नाही, एवढा फरक पडतो. आपल्याकडे तशी जोडणी क्वचित मिळते, तेव्हा मास्क हवाच: आयएस ९४७३ छापलेला, एफएफपी२ (बारीक धूळ गाळणाऱ्या मास्कची प्रत) किंवा वरचा. तोंडाला बांधलेला रुमाल आणि निळा सर्जिकल मास्क यांचा काडीचा उपयोग नाही. दाढी असेल तर चांगला मास्कही बसत नाही, बाजूने हवा जाते.

अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे उतरवायला मात्र एफएफपी२ पुरेसा समजू नका. सगळ्यात बारीक धूळ अडवणाऱ्या पी३ फिल्टरचा अर्धा (नाक-तोंड झाकणारा) मुखवटा किंवा एफएफपी३.

कचऱ्याचं: अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतो. सत्तरीत पिसुर्ले औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याचा प्रकल्प आहे, तुमच्यापासून लांब नाही. ट्रकवाल्याला ‘कुठेतरी टाक’ म्हणून देऊ नका, तो रस्त्याकडेच्या पहिल्या ओढ्यात रिकामा करील. पंचायत आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांना लेखी कळवा, पत्र्यांची संख्या आणि अंदाजे वजन लिहून. तोंडी विचारलंत तर ‘बघूया’ ऐकायला मिळेल, कागदाला उत्तर द्यावं लागतं.

वाळवंटीकाठ

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. खूपच उपयोग झाला.

काल शिडी लावून पडवीच्या आतून बघितलं. वरच्या बाजूचं सगळं शेवाळाने गेलंय, पण आतल्या अंगाला, जिथे पत्रा पत्र्यावर चढतो तिथे, पुसट निळा शिक्का आहे. ४५९ स्पष्ट वाचता येतं. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढी वर्षं चुलीच्या धुरावर गेली, आता शिक्का कसला बघतेस?’ पण संध्याकाळी त्यांनीच तांदळाचा डबा आत नेऊन ठेवला.

कंत्राटदाराशी बोलले. हातोडा आणि खड्डा रद्द. बोल्ट कटर आहे म्हणाला. पालख घालायला कुरकुर करतोय, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील. सुरीने बोर्ड मोडायचं म्हटल्यावर हसला. ‘वहिनी, सुरीने भाजी कापतात’ म्हणे. कटरवर पाणी सोडून कापू का, असंही विचारत होता, पण मग बोर्ड भिजून फुगेल असं त्याचंच म्हणणं. आणि पांढऱ्या बोर्डाचा एक तुकडा देऊन गेलाय, ‘तुम्हीच पाण्यात टाकून बघा, काही होत नाही.’ मी बादलीत टाकलाय, खरंच काही झालेलं नाही.

एक राहिलं. लेव्हलट्यूब म्हणाले हॉलला जिप्सम करा. आमची माटोळी, म्हणजे फळं-भाज्या टांगलेली लाकडी चौकट, हॉलमध्येच असते, गणपतीच्या वर. आतापर्यंत ती वाशाला टांगतो. सीलिंग केलं तर काय करायचं? कंत्राटदार म्हणतो सीलिंगला हुक मारून देतो.

लेव्हलट्यूब

बादलीतून काढा तो तुकडा, त्याने काही कळणार नाही. भरपूर पाण्यात मीठ धुऊन जातं, थेंब दिसतच नाही. त्याला पाणी लागू न देता दमट हवेत ठेवायचं असतं. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला वाटीत पाणी, शेजारी उपड्या वाटीवर कंत्राटदाराकडून आणलेला नवा, सुका तुकडा, त्यात एक साधा खिळा मारून. झाकण घट्ट. दोन-तीन आठवडे विसरून जा. खिळ्याशी चिकट थेंब आणि गंज दिसला तर कंत्राटदाराला डब्यासकट दाखवा. काहीच दिसलं नाही तरी ती टेस्ट रिपोर्टची जागा घेत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

सुरीला हसला तर हसू दे. सहा मिलिमीटरचा बोर्ड मी स्वतः सुरीने मोडतो, कटरपेक्षा कड सरळ येते. त्याला म्हणावं, भाजीची नको, टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची घे, हार्डवेअरवाल्याकडे मिळते. दहा-बाराचे बोर्ड कटरनेच कापावे लागतील. पाण्याने सिमेंट बोर्ड फुगत नाही, ते प्लायवुडचं झालं. कड ओली झाली तर उन्हात सुकवून मग लावायचा, एवढंच. पण त्याच्याकडचा साधा मार्बल कटर विजेवर चालणारा असेल आणि जोडणीला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल, तर पाणी सोडू नका. धूळ वाचवायच्या नादात शॉक बसायचा. अंगणात कोरडा कापायला लावा, मास्क लावून, आणि त्या वेळी पडवीकडची दारं-खिडक्या बंद. पडलेली पूड झाडायची नाही, पाणी शिंपडून भरायची. पालखाचे पैसे द्या, घासाघीस सीलिंगच्या रंगावर करा.

सगळ्या कडांना आणि कापलेल्या तोंडांना प्रायमर मारून मगच बोर्ड लावा. पडवीच्या फरशीपासून अर्धा-पाऊण इंच वर ठेवा आणि मागे चिऱ्याच्या भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा, वर-खाली हवा खेळायला फट. तिथे ओल कोंडली तर बोर्ड टिकेल, पण मागे बुरशी येईल आणि मुलाचा पंप काही सुटणार नाही. स्क्रू गंज न धरणारे मागा. पुट्टी घासायचं काम मूल परत यायच्या आधी उरका. तेवढ्या धुळीने दम्याच्या माणसाची छाती भरते, तिथे सिमेंट की जिप्सम हा भेद राहत नाही.

माटोळीचं बरं विचारलंत, यावर भांडणं होताना बघितलीयत. सीलिंगला हुक बिलकूल नको. जिप्समचं सीलिंग स्वतःचं वजन पेलण्यापुरतंच असतं. माटोळीची लाकडी चौकट, वर नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, केळी, काकड्या... आणि चवथीच्या आदल्या रात्री शेजारच्यांनी आणून दिलेला तो आडदांड फणस कोणी नाही म्हणत नाही. खाली गणपती, समोर आरतीला दाटीवाटीने माणसं. तिथे पत्र्याच्या चॅनेलवर भरवसा ठेवायचा?

वाशाला, किंवा स्लॅब असेल तर स्लॅबला, चार ठिकाणी आरपार लोखंडी सळई आणि खाली डोळा (दोरी बांधायची कडी), हे सीलिंग करायच्या आधी करून घ्यायचं. बोर्डाला सळईपेक्षा मोठं भोक ठेवायचं, म्हणजे वजन बोर्डावर येत नाही आणि चौकट हलली तरी बोर्ड फुटत नाही. वर्षभर तिथे पांढरी झाकणी बसते, दिसतही नाही. जागा तुमच्या चौकटीच्या मापाने ठरवा. ती माळ्यावरून उतरवून कंत्राटदाराला दाखवा. अंदाजाने मारलेल्या सळया दर वर्षी तिरक्या दोऱ्या बांधायला लावतात.

नारळपाणी

चौकटीला वाळवी नाही ना तेही त्याच वेळी बघून घ्या. आमच्या आतेकडे गेल्या चवथीला आदल्या दिवशी कळलं.

वाळवंटीकाठ

चौकट उतरवली, धड आहे. सळयांचं कंत्राटदाराला पटलं, हे त्याला सुचायला हवं होतं असं तोच म्हणाला. पंचायतीला अर्ज दिलाय, मंडळाला टपालाने पाठवलाय, दोन्हीची पोच ठेवलीय. पत्रे २८ आहेत. मुलगा शुक्रवारी आजोळी डिचोलीला जातोय, शनिवारी पहाटे ऊन चढायच्या आत पत्रे उतरवायला सुरुवात. बी_शिफ्ट, पी३ फिल्टरचे मुखवटे मला साखळीत मिळाले नाहीत. पणजीला किंवा वास्कोला कुठल्या प्रकारच्या दुकानात विचारू?

बी_शिफ्ट

औद्योगिक सुरक्षा साहित्य विकणारी दुकानं बघा, हेल्मेट आणि गमबूट टांगलेले असतात ती. वास्कोला गोदीच्या कामामुळे तशी दुकानं आहेत. मुखवटा आणि फिल्टर वेगळे विकतात, फिल्टरवर पी३ छापलेलं असतं ते बघूनच घ्या. वर जाणारे आणि खाली झेलणारे मिळून जितके, तितके घ्या. एकाच मुखवट्यात आळीपाळीने दोघं, असं चालत नाही. आणि पत्रे गुंडाळायचं प्लास्टिक २०० मायक्रॉनचं मागा, ताडपत्रीवाल्याकडे रोलमध्ये मिळतं.